एमएस आणि आनुवंशिकता: घरचे, नात्यातले आणि स्थळं बघणारे विचारतात ते प्रश्न

माझ्या धाकट्या बहिणीला सत्ताविसाव्या वर्षी मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस असल्याचं कळलं. सुरुवात डोळ्यापासून झाली होती. देवघरापुढे बसलेली असताना तिने मला हाक मारली आणि करंडा पुढे धरून विचारलं, "ताई, कुंकवाचा रंग उडालाय का गं?" डाव्या डोळ्याने बघितलं की लालभडक, उजव्याने बघितलं की जुन्या विटेसारखं. पहिल्या डॉक्टरांनी चष्म्याचा नंबर बदलून दिला. दुसऱ्यांनी मानेचा पट्टा दिला. नाव कळेपर्यंत सव्वा वर्ष गेलं.

नाव कळलं त्या रात्री आई स्वयंपाकघरात माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "माझ्याकडून आलं का गं हे?" १९८० च्या फेब्रुवारीत सूर्यग्रहण झालं तेव्हा बहीण तिच्या पोटात होती, आणि आईने त्या दिवशी भाजी चिरली होती. इतकी वर्षं मनात दाबून ठेवलेली ती गोष्ट तिने तेव्हा बोलून दाखवली.

मी पुण्यात ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवते. आईला नीट उत्तर देता यावं म्हणून वाचायला लागले, न्यूरोलॉजिस्टांना विचारत गेले. मग नात्यातले विचारायला लागले, मग ओळखीतले, मग अनोळखीही. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवली आहेत. औषधोपचाराबद्दल इथे फारसं काही नाही. रक्तातून काय येतं आणि काय येत नाही, एवढ्यापुरतंच हे पान आहे.

एमएस म्हणजे नेमकं काय? लिव्हरचा सिरॉसिस, मानेचा स्पॉन्डिलोसिस यातलंच का?

नाही, तिन्ही नावं कानाला सारखी लागतात, पण आजार अगदी वेगळे. मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांमागच्या नसांमधल्या तंतूंवर मायलिन नावाचं स्निग्ध आवरण असतं. एमएसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती त्या आवरणावर उलटते. आवरण गेलं की संदेश रखडतात: कधी नजर धूसर, कधी पायाला मुंग्या, कधी चालताना तोल जाणं, आणि थकवा तर असा की भाकरीचं पीठ मळता मळता हात थांबावेत. फ्रान्समध्ये शार्को यांनी १८६८ साली या आजाराचं पहिलं स्पष्ट वर्णन केलं. तो बहुतेकांना विशी ते चाळिशीत गाठतो. आज जगात सुमारे २९ लाख लोक एमएससह जगतात.

मग हा आजार आनुवंशिक आहे का, हो की नाही ते सांगा.

एका शब्दात उत्तर मागितलंत तर मी "नाही" म्हणेन, आणि लगेच पुढचं वाक्यही ऐकून घ्या म्हणेन. आजार वारशाने येत नाही. आजार होऊ शकण्याची थोडी जास्त शक्यता मात्र येते.

थॅलेसेमियाचं उदाहरण घ्या. तिथे एकच जनुक बिघडलेलं असतं. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक, असा सरळ हिशेब मांडता येतो. दहावीच्या पुस्तकातले मेंडेलचे वाटाणे आठवत असतील, तसा. एमएसला हा हिशेब लागू होत नाही. त्याची गोष्ट उंचीसारखी आहे. उंच आईबापांची मुलं बऱ्याचदा उंच होतात, पण "उंचीचं जनुक" असं एक दाखवता येत नाही. शेकडो जनुकं इंच-पाव इंच इकडे तिकडे करतात, आणि बाकीचं लहानपणीचं खाणंपिणं, आजारपणं ठरवतात. एमएसमध्येही शेकडो बारीक बदल एका बाजूला आणि आयुष्यात घडलेलं बरंच काही दुसऱ्या बाजूला असतं.

घरात एकाला असेल तर बाकीच्यांना किती धोका?

पुढचे आकडे मुख्यतः कॅनडा आणि युरोपातल्या मोठ्या पाहण्यांमधले आहेत. तिथे आजार मुळातच जास्त, आपल्याकडे कमी. त्यामुळे हे आकडे वरच्या बाजूचे धरा.

सख्ख्या भावंडाला असेल तर शंभरात साधारण तिघांना. आई किंवा वडिलांना असेल तर मुलांमध्ये शंभरात दोन ते तीन जणांना. चुलत, मावस, आते, मामे भावंडांमध्ये शंभरात एकापेक्षाही कमी. ज्यांच्या घरात कुणालाच नाही अशा उत्तर युरोपीय माणसाला आयुष्यभरात हजारात दोन-तीन. म्हणजे सख्ख्या नात्यात धोका अनेक पटींनी वाढतो, हे खरं आहे. पण "दहापट" हा शब्द ऐकून घाबरणाऱ्यांना मी उलटी बाजू मोजायला सांगते: शंभरातल्या सत्याण्णव भावंडांना हा आजार कधीच होत नाही.

जुळ्यांचं काय?

एकसारख्या जुळ्यांचं जनुकीय साहित्य सारखं असतं. सगळं जनुकांवरच असतं, तर एकाला झाला की दुसऱ्यालाही नक्की झाला असता. पाहण्यांमध्ये हे प्रमाण शंभरात पंचवीसच्या आसपास येतं. वेगवेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांमध्ये ते सख्ख्या भावंडांइतकंच, शंभरात तीन ते पाच. पंचवीस आणि पाच यांतला फरक जनुकांचं वजन सांगतो. आणि तीच जनुकं घेऊन आलेल्या उरलेल्या पंचाहत्तरांना काहीच होत नाही, यावरून जनुकांची मर्यादाही कळते. मी वर्गात हा विषय शिकवते तेव्हा याच दोन आकड्यांपासून सुरुवात करते.

एका घरात राहून, एका ताटात जेवून लागतो का?

नाही. कॅनडात १९९५ साली दत्तक मुलांचा अभ्यास झाला. एमएस असलेल्या माणसासोबत वाढलेल्या, पण रक्ताचं नातं नसलेल्या लोकांमध्ये आजाराचं प्रमाण बाकीच्या समाजाइतकंच निघालं. घराण्यात एमएस जास्त दिसतो तो रक्तामुळे, सहवासामुळे नाही. तिचा पेला वेगळा ठेवणाऱ्या नातेवाईकांना मी हे दोनदा सांगितलं आहे. तिसऱ्यांदाही सांगेन.

"एमएसचं जनुक" सापडलं असं वाचलं. ते कुठलं?

एकच नाही, पण सगळ्यात वजनदार एक आहे, आणि ते समजून घेण्यासारखं आहे.

सहाव्या गुणसूत्रावर एचएलए नावाचा जनुकांचा पट्टा आहे. मूत्रपिंड किंवा अस्थिमज्जा बदलताना दात्याचं "मॅचिंग" करतात ते याच जनुकांचं. त्यांचं रोजचं काम असं: प्रतिकारशक्तीच्या पेशी आत घेतलेल्या प्रथिनांचे बारीक तुकडे करतात आणि ते एचएलएच्या तबकात ठेवून टी-पेशी नावाच्या पांढऱ्या रक्तपेशींपुढे धरतात. टी-पेशी ते बघून ठरवते, हा आपला की परका? प्रत्येकाच्या तबकाचा आकार थोडा वेगळा असतो. कुठल्या तबकात कुठला तुकडा घट्ट बसेल, ते त्या आकारावर अवलंबून.

एचएलए आणि एमएस यांचं नातं डेन्मार्कच्या संशोधकांनी १९७२ सालीच दाखवून दिलं होतं. पुढे जनुकाचं नेमकं रूप कळलं: एचएलए-डीआरबी१*१५:०१. हे ज्याच्याकडे असतं, त्याचा एमएसचा धोका साधारण तिप्पट होतो. या आकाराच्या तबकात मायलिनचे तुकडे आणि एका नेहमीच्या विषाणूचे तुकडे, दोन्ही बसतात, आणि टी-पेशीची गफलत होण्याची शक्यता वाढते. त्या विषाणूकडे पुढे येतेच.

आता "तिप्पट" म्हणजे किती? उत्तर युरोपात साधारण दर चौथ्या माणसाकडे हे रूप आहे. हजारात दोन-तीन, त्याचे तिप्पट केले तरी शंभरात एकही भरत नाही. ते रूप घेऊन नव्वदीपर्यंत ठणठणीत जगलेल्या लोकांची संख्या एमएस झालेल्यांच्या कित्येक पट आहे. उलट, एमएस असलेल्या अनेकांकडे ते नसतंच. याच पट्ट्यातलं एचएलए-ए*०२:०१ हे रूप धोका कमी करतं. एकाच पट्ट्यात वाढवणारं आणि राखणारं, दोन्ही.

हे रूप युरोपात इतकं पसरलं कसं, याचं उत्तर जानेवारी २०२४ मध्ये प्राचीन सांगाड्यांच्या डीएनएवरून मिळालं. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी आजच्या युक्रेन आणि दक्षिण रशियाच्या गवताळ प्रदेशातून गुरं-मेंढ्या पाळणारे यामनाया लोक पश्चिमेकडे सरकले, आणि त्यांच्यासोबत एमएसचा धोका वाढवणारी ही रूपं उत्तर युरोपात पोचली. गुरांसोबत राहताना होणाऱ्या संसर्गांपासून याच रूपांनी तेव्हा बहुधा त्यांचा बचाव केला असावा, असं संशोधकांचं म्हणणं आहे. मला हे वाचून बरं वाटलं होतं. ज्याला आपण "खोट" म्हणतो, त्याने कधीकाळी कुणाची तरी लेकरं जगवली असतील.

बाकीची जनुकं?

बहीण आजारी पडली त्याच सुमाराला, २००७ साली, हजारो रुग्णांचं जनुकीय साहित्य एकदम तपासण्याची पद्धत एमएसला पहिल्यांदा लावली गेली आणि एमएसशी जोडलेल्या, एचएलएबाहेरच्या दोन जनुकीय जागा पक्क्या झाल्या. २०११ साली त्या पन्नासच्या वर गेल्या, २०१३ साली एकशे दहा. २०१९ साली ४७ हजारांवर रुग्ण आणि ६८ हजारांवर निरोगी माणसं तपासून हा आकडा २३३ वर आला. त्यातल्या ३२ एचएलएच्या पट्ट्यातल्या, २०० त्या पट्ट्याबाहेरच्या आणि एक एक्स गुणसूत्रावरची. एवढं सगळं मिळूनही वारशाचा जवळपास निम्माच भाग उलगडतो.

एकेका जागेचा परिणाम किती लहान असतो ते बघा. २००७ साली सापडलेल्या जनुकांत आयएल७आर नावाचं एक आहे. टी-पेशीच्या अंगावर एक संदेश पकडणारा हात असतो, तो हे जनुक घडवतं. त्यात डीएनएच्या एका अक्षराचा फरक असेल तर तो हात पेशीला चिकटून राहण्याऐवजी सुटा होऊन रक्तात तरंगण्याचं प्रमाण वाढतं. धोका वाढतो तो शेकडा वीसच्या आसपास, म्हणजे सव्वापटही नाही. आणि धोका वाढवणारं अक्षर हेच जगातल्या बहुसंख्य माणसांकडे असतं! मला, तुम्हाला, शेजारच्यांना, सगळ्यांनाच असण्याची शक्यता जास्त. त्याला "दोष" म्हणायचं तर मग निर्दोष माणसं फार थोडी उरतील.

या २३३ जागांपैकी बहुतेक टी-पेशी, बी-पेशी, मेंदूतल्या मायक्रोग्लिया अशा प्रतिकारशक्तीच्या पेशींमध्ये काम करतात. एमएस मुळात प्रतिकारशक्तीचा आजार आहे हे त्यावरून अधिक पक्कं झालं. एका शोधाचा तर थेट उपयोग झाला. संधिवातावर वापरली जाणारी टीएनएफ-विरोधी औषधं (टीएनएफ हे दाह वाढवणारं प्रथिन) एमएस असलेल्यांना बाधतात, हे डॉक्टरांना अनुभवाने माहीत होतं. का, ते २०१२ साली टीएनएफआरएसएफ१ए या जनुकावरून कळलं: धोका वाढवणारं त्याचं रूप शरीरात नेमकं त्या औषधासारखंच काम करतं. म्हणून संधिवाताच्या डॉक्टरांकडे जाताना घरात एमएस असल्याचं सांगायला विसरू नका.

आमच्या सात पिढ्यांत कुणाला नव्हतं. मग कुठून आलं?

एमएस असलेल्या बहुतेकांच्या घरात दुसरं कुणी नसतंच. बारीक बारीक बदल आईकडून काही, वडिलांकडून काही असे येतात. दोघांच्याही वाट्याला थोडे थोडे असतात, म्हणून दोघं निरोगी. एखाद्या मुलात ते थोडे जास्त जमा होतात. त्यात कुणाची "बाजू" शोधता येत नाही. आमच्याकडे आजोळ आणि वाडा, दोन्हीकडच्या लोकांनी शोधून पाहिलं.

भारतात हा आजार होतच नाही, असं ऐकलं होतं.

कमी होतो. मंगळूर शहरात केलेल्या पाहणीत लाखामागे आठच्या थोडं वर लोक सापडले. युरोपच्या उत्तरेकडच्या देशांत हा आकडा लाखामागे शंभर-दोनशेच्या पुढे जातो. एमआरआय यंत्रं गावोगाव आली तसं आपल्याकडेही निदान वाढलं.

पण या प्रश्नात एक गोष्ट आहे ती आपल्या दाराशीच आहे. मुंबईतल्या पारशी समाजाची पाहणी १९८८ साली प्रसिद्ध झाली. तिथे लाखामागे २६ रुग्ण निघाले. शहर तेच, पाऊस तोच, ऊन तेच, हवाही तीच. पण हा समाज इराणातून आलेला आणि शतकानुशतकं आपल्यातच लग्नं करणारा. पुण्यात कॅम्पात वाढलेल्या माझ्या एका पारशी मैत्रिणीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे वारसा आम्ही जपला, त्यात हेही जपलं गेलं." ही जनुकांची बाजू.

आता दुसरी बाजू. भारतीय उपखंडातून इंग्लंडला गेलेल्या पहिल्या पिढीत एमएस कमीच राहिला. तिथे जन्मलेल्या त्यांच्या मुलांचा अभ्यास १९९० साली झाला, तेव्हा त्या मुलांचं प्रमाण इंग्रजांच्या जवळ जाताना दिसलं. रक्त तेच, माती बदलली. या दोन पाहण्या शेजारी शेजारी ठेवल्या की आईच्या प्रश्नाचं उत्तर अर्धं मिळतं.

मग ठिणगी कशाने पडते?

सगळ्यात भक्कम पुरावा एपस्टाईन-बार विषाणूचा आहे. हा जगातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त प्रौढांमध्ये असतो, लाळेतून पसरतो आणि एकदा आला की बी-पेशींमध्ये मुक्काम ठोकतो. अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून अधिक तरुणांच्या वीस वर्षांच्या नोंदी आणि साठवलेलं रक्त तपासून २०२२ साली दिसलं, की या विषाणूचा संसर्ग झाल्यावर एमएसचा धोका ३२ पट होतो. दुसऱ्या कुठल्याही विषाणूने असं केलं नाही. त्याच वर्षी हेही दिसलं की विषाणूच्या एका प्रथिनाचा तुकडा आणि मेंदूतल्या ग्लियलकॅम या प्रथिनाचा तुकडा इतके सारखे आहेत, की एकासाठी तयार झालेली प्रतिपिंडं दुसऱ्यालाही चिकटतात. मघाचं तबक आणि गफलत, ती इथे येऊन मिळते.

आपल्याकडे हा विषाणू बहुतेकांना अगदी लहानपणी, सर्दीतापाच्या नावाखाली येऊन जातो. पश्चिमेत तो बऱ्याचदा वयात येताना येतो, आठवडे-महिने अंथरुणाला खिळवणाऱ्या तापासारखा. एमएसचा धोका अशा उशिरा आलेल्या, जोराच्या आजारानंतर जास्त दिसतो. विषाणू सगळ्यांना, एमएस मोजक्यांना, यामागे जनुकं आहेत.

जनुकं बदलता येत नाहीत. मग आपल्या हातात काय?

सिगारेट. ज्यांच्या घरात एमएस आहे त्यांना मी सगळ्यात आधी हेच सांगते. स्वीडनमधला २०११ सालचा अभ्यास आहे. ज्यांच्याकडे धोका वाढवणारं डीआरबी१*१५ आहे, राखणारं ए*०२ नाही आणि जे सिगारेट ओढतात, त्यांचा धोका, यातलं काहीच नसणाऱ्यांच्या तुलनेत तेरा-चौदा पट निघाला. तीच जनुकं, पण सिगारेट नाही, तर पाचपटीच्या आसपास. धूर आणि जनुकं एकमेकांना नुसती जोडली जात नाहीत, एकमेकांना चेतवतात. दुसऱ्याने ओढलेल्या सिगारेटचा धूरही यात धरा. आमच्याकडे भाऊजींनी गॅलरीत जाऊन ओढणं सुरू केलं, मग वर्षभराने सोडलीच.

किशोरवयातला लठ्ठपणाही असाच जनुकांशी हातमिळवणी करतो.

ड जीवनसत्त्वाचा धागाही पक्का आहे. ज्यांची जनुकंच अशी की रक्तात ड जीवनसत्त्व कमी राहतं, त्यांना एमएस जास्त होतो, असं कॅनडातल्या संशोधकांनी २०१५ साली दाखवलं. पुण्यात उन्हाला तोटा नाही, पण सकाळी स्कार्फ, हातमोजे, गॉगल घालून टू-व्हीलरवर निघायचं आणि दिवसभर काचेच्या ऑफिसात बसायचं, अशा मुलींची पातळी तपासली तर तळाला असते. तपासून घ्या. मात्र साठ हजार युनिटची पाकिटं डॉक्टरांना न विचारता महिनोन् महिने घेत राहू नका, त्याने कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला त्रास होतो.

जनुकांची चाचणी करून घ्यावी का?

आजार आहे का, हे ठरवण्यासाठी? नाही. निदान न्यूरोलॉजिस्टची तपासणी, एमआरआय आणि गरज पडली तर पाठीतलं पाणी यांवरूनच होतं.

पुढे होईल का, हे कळण्यासाठी? तरीही नाही. माझ्या एका मावसभावाने लाळ पाठवून चाचणी केली. रंगीत अहवाल आला, त्यात एमएसपुढे लाल पट्टी: "धोका वाढलेला". तो आठ दिवस झोपला नाही. अहवाल घेऊन आम्ही बसलो, लाल पट्टीचा हिशेब मांडला, तेव्हा त्याचा आयुष्यभराचा धोका शंभरात एकाच्याही खाली होता. हे अहवाल बहुतेक युरोपीय लोकांच्या माहितीवर बेतलेले असतात, आणि आकडा सोडून रंग दाखवतात, ही माझी खरी तक्रार आहे. तेवढे पैसे चांगल्या न्यूरोलॉजिस्टच्या एका भेटीवर खर्च करा.

भावंडांना काही त्रास नसताना "खात्री म्हणून" एमआरआय करण्याचीही गरज नाही. एका डोळ्याची नजर दुखऱ्या डोळ्यासह मंद होणं, कमरेखाली बधिरपणा चढत जाणं, दिवसचे दिवस चक्कर आणि दुहेरी दिसणं, असं चोवीस तासांहून जास्त टिकलं तर मात्र वाट बघू नका.

मुलीच्या मावशीला एमएस आहे. स्थळ बघताना सांगायचं का? आणि मुलाकडचे नको म्हणाले तर?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, बहुतेक वेळा फोनवर, आवाज खाली आणून.

भाचीला धोका शंभरात एकाच्या आसपास किंवा कमी. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांचा आनुवंशिक धोका याच्या कितीतरी पट मोठा असतो, आणि "वडिलांना शुगर आहे" म्हणून कुणी स्थळ परत पाठवल्याचं मी ऐकलेलं नाही. एमएसच्या बाबतीत भीती आकड्याची नसते, अनोळखी इंग्रजी नावाची असते. पत्रिकेत नाडी जुळत नाही म्हणून मोडणाऱ्या लग्नांइतकाच हा आधार कच्चा आहे, हे मी स्पष्ट बोलते.

सांगायचं का? मुलीला स्वतःला आजार असेल तर लग्नाआधी सांगाच, दोघांनी मिळून न्यूरोलॉजिस्टला भेटा. मावशी, आत्या, काका यांचे आजार कुणाच्याच बायोडेटावर नसतात, मग याचाच वेगळा रकाना कशाला? विचारलं तर लपवू नका, शांतपणे आकडा सांगा. आमच्या एका चुलत बहिणीचं ठरत आलेलं लग्न याच कारणाने मोडलं. पुढच्या स्थळाच्या वेळी मी स्वतः गेले, कागदावर शंभर टिंबं काढून मुलाच्या आईपुढे ठेवली. त्या म्हणाल्या, "एवढंच होय? आम्हाला वाटलं घरोघरी फिरतंय." लग्न झालं.

नात्यात लग्न केलं तर? मामाची मुलगी वगैरे?

एका जनुकाच्या आजारांत नात्यातल्या लग्नाने धोका ठळक वाढतो. एमएस त्या जातीचा नाही. तरी मी शहाणपण म्हणून दोन्हीकडून एमएस असलेल्या घरांत टाळा म्हणेन.

एमएस असताना मूल होऊ द्यावं का?

होऊ द्या, पण ठरवून. एमएसने मूल होण्याची क्षमता जात नाही. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, अटॅक, म्हणजे लक्षणं अचानक उसळणं, कमी होतात. बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत ते वाढू शकतात, तेव्हा घरात माणसं हवीत. काही गोळ्या गर्भाला घातक आहेत आणि त्या बऱ्याच आधी थांबवाव्या लागतात, म्हणून दिवस गेल्यावर धावण्यापेक्षा आधी न्यूरोलॉजिस्टशी बोला. गर्भात एमएस आहे का हे सांगणारी चाचणी नाही. मुलाला आजार होण्याची शक्यता शंभरात दोन-तीन, एवढ्यावरून गर्भपाताचा सल्ला देणाऱ्या नातेवाईकांचं ऐकू नका. बहिणीला असा सल्ला मिळाला होता.

आमच्या आजोबांचे आणि काकांचेही पाय गेले होते. मग आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या एमएस आहे ना?

थांबा. पिढ्यान् पिढ्या एकाच तऱ्हेने पाय जात असतील तर तो एमएस नसण्याचीच शंका घ्यावी. एकाच जनुकाने होणारे काही आजार एमआरआयवर किंवा चालीत एमएससारखे दिसतात: पाय हळूहळू कडक करणारा आनुवंशिक स्पास्टिक पॅराप्लेजिया, पुरुषांना जास्त गाठणारी अ‍ॅड्रिनोल्यूकोडिस्ट्रॉफी, तुलनेने कमी वयातच पक्षाघाताचे झटके आणणारा कॅडासिल. यांत जनुक चाचणी खरोखर उपयोगी आहे, आणि उत्तर कळलं तर पुढच्या पिढीला नेमका सल्ला देता येतो.

आणखी एक. डोळे आणि मज्जारज्जू दोन्ही जाणारा न्यूरोमायलायटिस ऑप्टिका हा आजार पूर्वी एमएसमध्येच धरला जायचा. त्याची ओळख पटवणारी प्रतिपिंडं २००४ साली सापडली. मंगळूरच्या त्याच पाहणीत असेही रुग्ण निघाले. औषधं वेगळी आहेत, एमएसची काही औषधं त्यात उलट त्रास देतात. आत्याचं निदान वीस वर्षांपूर्वीचं असेल तर जुन्या फायली घेऊन एकदा पुन्हा दाखवा.

बायकांनाच जास्त का?

दर चार रुग्णांत साधारण तीन बायका असतात. संप्रेरकं, एक्स गुणसूत्र आणि बायकांची मुळात जागरूक असलेली प्रतिकारशक्ती, असं बरंच काही यात आहे. संधिवात, थायरॉईडसारख्या प्रतिकारशक्तीच्या इतर आजारांतही हेच दिसतं. आईकडून मुलीला जातो असा मात्र अर्थ काढू नका. वडिलांकडूनही तीच जनुकं येतात.

आजार किती वाढेल, हेही जनुकांवर का?

थोडं. २०२३ साली बावीस हजारांहून जास्त रुग्णांच्या अभ्यासात अशी पहिली पक्की जागा सापडली. आईवडील दोघांकडून ते रूप मिळालेल्यांना चालताना आधार लागण्याची वेळ साधारण पावणेचार वर्षं लवकर आली. लक्षात घेण्यासारखं हे की आजार सुरू करणारी जनुकं प्रतिकारशक्तीची, आणि तो वाढवणारी मेंदूच्या स्वतःच्या टिकाऊपणाशी जोडलेली. औषधं शोधणाऱ्यांना त्यामुळे नवी दिशा मिळाली. आज घरी बसून यावरून काही ठरवता येत नाही. वेळेवर सुरू केलेलं औषध आणि न ओढलेली सिगारेट यांचा फरक त्याहून मोठा पडतो.

मदत कुठे मिळेल?

मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ पासून काम करते, तिची पुण्यातही शाखा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढता येतं. लाज न बाळगता काढा.

मुलांना काय सांगायचं, आणि कधी?

विचारतील तेव्हा, आणि विचारतील तेवढं. माझी भाची चौदा वर्षांची झाली तेव्हा एका संध्याकाळी ओट्याजवळ येऊन म्हणाली, "मावशी, मलापण होणार का आईसारखं?" बहीण आत झोपली होती, उन्हाळा होता, उष्म्याने तिचे पाय जड होतात. मी डब्यातले शेंगदाणे परातीत ओतले आणि शंभर मोजायला लावले. तिने दहा-दहाचे ढीग केले. मग तीन दाणे सोलून पांढरे केले आणि बाकीच्यांत मिसळले. "डोळे मिटून एक उचल."

तिने उचलला. लाल निघाला. परत उचलला, परत लाल. सात-आठ वेळा झाल्यावर तिने परातीत वाकून पांढरे तीन शोधून काढले, तळहातावर घेऊन बराच वेळ बघितले आणि विचारलं, "आणि आज्जीने भाजी चिरली नसती तर हे किती असते?"

"तीनच," मी म्हटलं.

ती परात तशीच उचलून आईला दाखवायला बाहेरच्या खोलीत गेली. माझ्या आईला.